एक सिहोऱ्याला, एक अधारतालला

हेमचंद्र पिंपळखुटे यांचं हिंदी फर्डं आहे असं जबलपूरच्या अख्ख्या कांचघर मोहल्ल्यात दोनच माणसं मानत. एक ते स्वतः. दुसरं कोण, याचा तपास अजून चालू आहे. वीज मंडळाच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं त्यांनी हिंदीत टिपणं लिहिली होती. ‘उपरोक्त विषयांतर्गत’ हा शब्द तर त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी बरोबर लिहून दिला असता. पण बोलायला तोंड उघडलं की घरातलं मराठी आधी बाहेर पडायचं आणि हिंदी मागून चपला शोधत यायचं. त्यातून हिंदीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग! त्या बाबतीत हेमचंद्रराव कुणाला जुमानत नसत. चहा पुल्लिंगी, म्हणून ‘चाय ठंडा हो गया’. आवाज पुल्लिंगी, म्हणून ‘आवाज आया’. जबलपूरच्या लोकांनीही दीडशे वर्षं मराठी माणसं ऐकलेली. तेही हे मनातल्या मनात दुरुस्त करून घेत आणि पुढे चालू लागत. ही दुरुस्त करून घ्यायची सवय लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा तिनंच केला.

तर दोन हजार चारच्या जुलैत हेमचंद्ररावांच्या मुलीला, विनताला इंदूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात जागा मिळाली. पेढे वाटून झाले, शेजाऱ्यांचं तोंड गोड झालं, आणि मग कॉलेजचं पत्र नीट वाचण्यात आलं. बारा ऑगस्टपर्यंत फी भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. फीचा आकडा वाचून त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी उरलेले पेढे डब्यात परत ठेवले.

“कर्ज काढायचं,” हेमचंद्रराव म्हणाले. “त्यात काय! सरकारनं योजनाच काढली आहे. शिक्षा ऋण.”

“नावातच शिक्षा आहे,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“अगं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण.”

“ते फेडताना कळेल.”

विनता पलीकडे बसून हसत होती. या मुलीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. फार प्रेम दाटून आलं तरच मराठी, आणि तेही अर्ध्यात अडखळलेलं. “पापा, मैं चलूँ साथ में? फॉर्म मैं भर दूँगी,” ती म्हणाली.

“तू बॅग भर,” हेमचंद्रराव म्हणाले. “कर्जाचं बापानं बघायचं असतं. बाराच्या आत पैसे भरले नाहीत तर नावाचा पिंपळखुटे नाही.” आता बाप असं बोलून बसला की त्याला मागे फिरता येत नाही, हे जगभरच्या बापांना ठाऊक आहे. तरी ते बोलतातच.

त्याच संध्याकाळी शेजारचे शैलेंद्र दुबे भिंतीवरून डोकावले. दुबेजींनी एकोणनव्वद साली बँकेतून स्कूटरसाठी कर्ज काढलं होतं आणि तेव्हापासून ते कर्ज या विषयाचे गल्लीतले अधिकारी होते. विनतानं फी, होस्टेल, मेस, पुस्तकं असा सगळा हिशोब करून कागदावर तीन लाख चौसष्ट हजार असा आकडा काढला होता. दुबेजींनी तो कागद नाकाशी धरला आणि त्यांना फार दुःख झालं.

“पिंपलखूंटे जी, ये क्या कर रहे हैं? बैंक काटती है. पूरा माँगोगे तो आधा मिलेगा. ज़्यादा माँगो, तब पूरा मिलेगा.”

हेमचंद्ररावांना हे पटलं, कारण कचेरीत स्टेशनरीची मागणी ते असंच करत. मग दोघांनी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी उभं राहून आकडा वाढवला. इंदूरला उकाडा, म्हणून कूलर. कूलर आला की त्याचं बिल. मुलगी आजारी पडली तर? पडणार नाही, पण पडली तर? आकडा चार लाख बारा हजारांवर जाऊन थांबला, तोही दुबेजींना आत जेवायला बोलावलं म्हणून.

राहता राहिला जामीन. हेमचंद्ररावांचे वडील बाबाराव नेहमी म्हणत, आधी जामीन बघावा, मग कर्ज मागावं. हेमचंद्ररावांनी एकाच्या जागी दोन बघितले. पहिले अनसूयाबाईंचे थोरले भाऊ, सिहोऱ्याचे तुळशीराम. धान्याच्या आडतीत चाळीस वर्षं घालवलेले, आता सगळं मुलाच्या हाती देऊन घरी असलेले. देह भक्कम, आवाज त्याहून भक्कम. हेमचंद्ररावांनी दोन तास मनात जुळवलेलं भाषण त्यांनी पहिल्याच वाक्याला तोडलं. “जावईबापू, विनता माझी भाची आहे. सही कुठं करायची तेवढं सांगा.”

दुसरे अधारतालचे रामकृष्ण सर. यांनी हेमचंद्ररावांना शाळेत गणित शिकवलं होतं आणि आपण ते नीट शिकवू शकलो नाही याची खंत अजून बाळगली होती. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी पंधरा-वीस मुलं त्यांच्या ओसरीवर पाढे म्हणायला येत. सरांनी एकच विचारलं, “व्याज सरळ की चक्रवाढ?” हेमचंद्ररावांना ते ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, “वाटलंच होतं,” आणि होकार दिला.

या दोन जामिनांचं आपसात मात्र बारा वर्षं बोलणं नव्हतं. तुळशीरामांच्या मुलीच्या, शकुच्या लग्नात जबलपूरचा सगळा मराठी समाज सिहोऱ्याला गेला होता. मंगलाष्टकं चालू असताना रामकृष्ण सरांनी भर मांडवात मनगटावरचं घड्याळ वर धरून जाहीर केलं होतं, “मुहूर्त टळून चार मिनिटं झाली.” तुळशीराम म्हणाले, “तुमचं घड्याळ पुढं आहे.” सर म्हणाले, “माझं घड्याळ रेडिओवर लावलेलं असतं.” झालं. शकुला आता दोन मुलं आहेत, संसार दृष्ट लागावी असा चाललाय, पण ती चार मिनिटं कुणीच सोडायला तयार नव्हतं.

पंधरा जुलैला हेमचंद्रराव इस्त्रीचा शर्ट घालून, दुबेजींच्या सल्ल्यानं खिशात दोन पेनं अडकवून बँकेत गेले. कर्जाच्या टेबलाशी बळीराम चौकसे नावाचे बाबू बसले होते. नाव चौकसे, पण समोरच्याकडे न बघता चौकशी करण्याची त्यांची हातोटी होती. अर्जात ‘प्रतिभूति का विवरण’ असा एक रकाना होता. प्रतिभूती म्हणजे काय ते हेमचंद्ररावांना कळेना, आणि अठ्ठावीस वर्षं हिंदीत टिपणं लिहिलेल्या माणसानं ते विचारावं कसं? त्यांनी रकाना कोरा ठेवला.

“सिक्योरिटी में क्या है?” चौकसेबाबूंनी मान खाली ठेवूनच विचारलं.

“जामीन है साहब,” हेमचंद्रराव छाती काढून म्हणाले. “दो-दो जामीन है.”

आता मराठीत जामीन म्हणजे कर्जाला उभा राहणारा माणूस, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. चौकसेबाबूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी सवयीप्रमाणे मनातल्या मनात दुरुस्ती केली, जामीनची ज़मीन केली आणि त्या दिवसात पहिल्यांदा मान वर करून हेमचंद्ररावांकडे आदरानं पाहिलं.

“अच्छा! कहाँ-कहाँ?”

“एक सिहोरा में, एक अधारताल में.”

“सिहोरा वाली रोड से लगी है?”

“रोड पर ही है. बस अड्डे के पास. अधारताल वाला थोड़ा अंदर है, गली में.”

“आपको मिली कैसे?”

“सिहोरा वाला ससुराल की तरफ से है.”

“अरे वाह,” चौकसेबाबू लिहिता लिहिता म्हणाले. स्वतःच्या सासऱ्यांची आठवण येऊन त्यांनी एक सुस्कारा सोडला. “कोई विवाद वगैरह?”

हेमचंद्रराव सत्यवचनी माणूस. “दोनों का आपस में है. बारह साल से. हमारे साथ कुछ नहीं.”

“सीमा का होगा.”

“सीमा का नहीं, शकु का. शकु की शादी में हुआ.”

“अच्छा अच्छा, शादी में दी गई थी,” चौकसेबाबूंनी नोंद केली. “खाली है?”

“सिहोरा वाला तो एकदम खाली है. अधारताल वाले के यहाँ सुबह बच्चे आते हैं.”

“बच्चे तो खेलेंगे ही. किसके नाम से है?”

“तुलसीराम और रामकृष्ण.”

“और कीमत?”

इथे मात्र हेमचंद्ररावांच्या मनाला लागलं. “साहब, ऐसे लोगों का क्या कीमत लगाएँगे? अनमोल है.”

चौकसेबाबूंनी ‘लोगों का’ हे सोडून दिलं, ‘मूल्यांकन शेष’ असं लिहिलं आणि शिपायाला सांगून हेमचंद्ररावांसाठी चहा मागवला. बँकेत आपल्याला चहा मिळाला, हे हेमचंद्ररावांनी घरी तीन वेळा सांगितलं. दुबेजींना चौथ्यांदा सांगितलं. दुबेजींनी भिंतीवरून डोकं खाली घेतलं. स्कूटरच्या वेळी त्यांना पाणीसुद्धा मिळालं नव्हतं.

पुढचे दहा दिवस फार सुखाचे गेले. मग एका दुपारी सिहोऱ्याहून फोन आला. फोनवर अनसूयाबाईंची नंदावहिनी, म्हणजे तुळशीरामांची बायको. ती इतक्या वेगानं बोलत होती की अनसूयाबाईंना फक्त ‘टेप’, ‘अंगण’ आणि ‘शोभतं का’ एवढे तीनच शब्द धरता आले.

झालं होतं असं. बँकेनं नेमलेला एक मूल्यांकनवाला छत्री आणि मोजपट्टी घेऊन सिहोऱ्यात उतरला. तुळशीराम जेवून ओसरीवर लवंडले होते. त्यानं विचारलं, “पिंपलखूंटे जी की ज़मीन देखनी है.” तुळशीराम उठून बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “मैं ही हूँ जामीन. देख लो.” मूल्यांकनवाल्यानं त्यांना पाहिलं. मग माणूस वयस्क आहे, ऊन लागलं असेल, असा विचार करून त्यानं मुकाट्यानं अंगण मोजायला घेतलं. अंगण झालं, विहीर झाली, गोठा झाला. ओसरी मोजताना तो “ज़रा पैर उठाइए” म्हणाला, तेव्हा तुळशीरामांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि जो पडला तो चुकीचा पडला.

नंदावहिनीच्या हातून फोन घेऊन ते गरजले, “जावईबापू, मी तुम्हाले माझी सही देऊन राहिलो होतो, माझं अंगण नाही! घर गहाण टाकायच्या आधी माणूस इचारते तरी!”

“अहो दादा, मी कशाला तुमचं घर—”

फोन ठेवलेला होता.

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की हेमचंद्ररावांना आपण खरंच घर गहाण टाकलं की काय असं वाटायला लागलं. “माझ्या माहेरी मोजपट्टी पाठवली तुम्ही!” एवढंच त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री जेवणात भाजी होती, पण वाढली कुणी नाही.

तरीही हेमचंद्ररावांच्या लक्षात काही आलं नाही. येणार कसं? भिंतीपलीकडे दुबेजी होते ना. “ये तो नॉर्मल है,” दुबेजी म्हणाले. “ज़मानत देने वाले की हैसियत देखते हैं. जितना नापें, उतना अच्छा.” विनतानं पुन्हा विचारलं, “पापा, मैं एक बार बैंक हो आऊँ?” हेमचंद्ररावांनी पुन्हा सांगितलं, बॅग भर. तिची बॅग आतापर्यंत तीनदा भरून झाली होती.

अधारतालला तर याहून शांतपणे अनर्थ घडत होता. रामकृष्ण सरांना बँकेच्या वकिलाचं पत्र आलं. त्यात ‘रामकृष्ण, अधारताल’ याच्या बाबतीत गेल्या तीस वर्षांचा संपूर्ण इतिहास मागितला होता: या काळात कब-कब, किस-किसके कब्ज़े में रहे, चारही बाजूंना कोण आहे, कुणाची हरकत आहे काय. दुसरा कुणी असता तर पत्र फाडून टाकता. सरांनी चष्मा पुसला. पत्नीला, म्हणजे इंदिराबाईंना सांगितलं, “बँका आता फार सखोल तपास करून राहिल्या. चांगलं आहे.” आणि चार दिवस बसून, समास सोडून, फुलस्केपची अकरा पानं लिहिली. ‘सन १९७४ ते १९९८ या काळात मी शिक्षण खात्याच्या ताब्यात होतो. तेथून सुटल्यावर पत्नीच्या ताब्यात आहे. पूर्वेस किराणा दुकान, पश्चिमेस नाली. हरकत कुणाचीही नाही. फक्त सिहोऱ्याच्या एका गृहस्थांची आहे, परंतु ती निराधार आहे.’ वकिलानं ती अकरा पानं पूर्ण वाचली असं म्हणतात. नंतर तो दोन दिवस कोर्टात गेला नाही.

आणि नऊ ऑगस्टला, म्हणजे मुदत संपायला तीन दिवस उरले असताना, बँकेतून निरोप आला: हेमचंद्र पिंपळखुटे यांनी ताबडतोब येऊन मॅनेजरना भेटावं. सिहोऱ्याला आणि अधारतालला तसाच निरोप गेला होता. या वेळी विनता विचारत बसली नाही. चपला घातल्या आणि वडिलांच्या मागे स्कूटरवर बसली. अनसूयाबाई रिक्षानं आल्या.

मॅनेजर भानुमती मॅडम मूळच्या मद्रासकडच्या. हिंदी ही त्यांचीही मातृभाषा नव्हती, त्यामुळे त्या तुटक आणि थेट बोलत. केबिनबाहेरच्या बाकावर एका टोकाला तुळशीराम मांडीवर पिशवी धरून बसले होते, दुसऱ्या टोकाला रामकृष्ण सर. मधे दोन माणसांची जागा रिकामी होती. तुळशीरामांनी बहिणीकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं नाही. ते भांडायलाच आले आहेत याबद्दल अनसूयाबाईंना शंका उरली नाही.

“आपने दो ज़मीन लिखवाया,” तिघं केबिनमध्ये शिरताच मॅडम म्हणाल्या. म्हणजे लिंगाच्या बाबतीत त्या हेमचंद्ररावांच्या पंगतीतल्याच निघाल्या. “रिपोर्ट सुनिए.” आणि त्यांनी वकिलाचा अहवाल वाचून दाखवला: “दोनों ज़मीनें मौके पर नहीं पाई गईं. उनके स्थान पर दो बुज़ुर्ग पाए गए.”

हेमचंद्रराव पुढे झाले. “मैडम, मैंने ज़मीन कब बोला?”

“दो बार बोले,” चौकसेबाबू दुखावलेल्या आवाजात म्हणाले. “मैंने चाय पिलाई थी आपको!”

“गलत जानकारी देना सीरियस बात है,” मॅडम म्हणाल्या. “मुझे ऊपर लिखना पड़ेगा.”

अठ्ठावीस वर्षांत हेमचंद्ररावांना साधा मेमो मिळाला नव्हता. कचेरीतलं पेनसुद्धा त्यांनी कधी घरी आणलं नव्हतं. आणि आज, पोटच्या मुलीसमोर, खोटारडा! बारा तारीख डोळ्यांपुढे नाचायला लागली. मुलीकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

तेवढ्यात तुळशीराम बाकावरून उठले, आत आले आणि मांडीवरची पिशवी टेबलावर ठेवली. आत लाल फडक्यात बांधलेले कागद होते. “हे घ्या. आमच्या घराची रजिस्ट्री. असली. आता झाली का ज़मीन?”

“दादा!” अनसूयाबाई म्हणाल्या.

“काय दादा? इचारलं नाही म्हणून राग आला होता मले, द्यायचा राग नव्हता आला,” तुळशीराम म्हणाले. मग जरा हळू म्हणाले, “पोरीचं वर्ष काहून घालवायचं?”

अनसूयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हेमचंद्ररावांनी सगळे खिसे चाचपले, दोन्ही पेनं सापडली, हातरुमाल सापडेना. या माणसाबद्दल पंधरा दिवस आपण मनात काय काय बोललो ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि नेमकी तेव्हा विनता हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग न धरता. “पापा! आपने ‘जामीन’ बोला था?” मग मॅडमकडे वळून, “मैडम, मराठी में जामीन मतलब गारंटर. ये बाहर बैठे हैं न, ये दोनों. सिहोरा वाले मेरे मामा हैं. खाली हैं, क्योंकि रिटायर हो गए. और अधारताल वाले सर के यहाँ बच्चे पढ़ने आते हैं.”

चौकसेबाबूंनी आपली नोंद पुन्हा वाचली. रोडला लागून. सासरकडून. मुलं येतात. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. “मुझे लगा, मराठी में ज़मीन को जामीन बोलते होंगे,” ते पुटपुटले.

फायली घेऊन आलेले दफ्तरी रहमान चाचा दारात थबकले होते. ते म्हणाले, “बाबूजी ने सही लफ़्ज़ बोला है. ज़ामिन. हमारे वालिद कचहरी में थे, वहाँ यही चलता था. आजकल लोग भूल गए.”

हेमचंद्ररावांनी चौकसेबाबूंकडे पाहिलं, मग रहमान चाचांकडे पाहिलं. कांचघरातलं ते दुसरं माणूस अखेर सापडलं होतं, फक्त ते कांचघरात राहत नव्हतं.

मॅडमना हसू आलं होतं, पण त्यांनी ते फायलीत लपवलं. “ठीक है. लेकिन चार लाख से ऊपर गारंटर चाहिए. उनके कागज़, जाँच, सब नए से. तीन हफ़्ता.”

“तीन हफ़्ता!” हेमचंद्रराव खुर्चीत बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

विनतानं मात्र एक शब्द पकडला होता. “चार लाख से ऊपर? और नीचे हो तो?” तिनं टेबलावरचा अर्ज उचलून उलटा केला. अर्जाला पाठ असते, आणि तिच्यावर बारीक अक्षरात नियम असतात, हे या घरात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. ती वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. “चार लाख तक कुछ नहीं चाहिए. न ज़मीन, न जामीन. सिर्फ़ माता या पिता साथ में साइन करें.” तिनं अर्ज सुलटा केला. “पापा, मैंने तो तीन चौंसठ लिखा था. ये चार बारह किसका है?”

हेमचंद्रराव खाली बघून म्हणाले, “थोडा कूलर आहे. बाकीचे दुबेजी आहेत.”

कूलर कापला, दुबेजी कापले. चौकसेबाबूंनी प्रायश्चित्त म्हणून नवा अर्ज तिथल्या तिथे स्वतः भरला आणि पुन्हा चहा मागवला. मॅडम म्हणाल्या, परवा कॉलेजच्या नावाचा ड्राफ्ट मिळेल. परवा म्हणजे अकरा, आणि रात्रीची गाडी धरली की बाराच्या सकाळी इंदूर. अनसूयाबाईंनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मग कुठे श्वास सोडला.

सहीची वेळ आली. हेमचंद्ररावांनी खिशातलं चांगलं पेन काढलं, टोपण मागे लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. चौकसेबाबूंनी कागद त्यांच्यासमोरून विनतासमोर सरकवला.

“पहले बिटिया. कर्ज़ उसका है. आप सह-ऋणी हैं, आप नीचे.”

हे हेमचंद्ररावांना नवीन होतं. महिनाभर ते आपलं कर्ज समजून धावत होते. विनतानं सही केली, पूर्ण नावानं: विनता हेमचंद्र पिंपळखुटे. अठरा वर्षं तिच्या नावाच्या मधे ते होते. शाळेच्या दाखल्यावर, बक्षिसावर, सगळीकडे. आता पहिल्यांदाच तिच्या नावाखाली सही करायची होती. त्यांना थोडं लागलं, हे कबूल करायला हवं. मग शेजारी बसलेल्या मुलीनं कागद हळूच त्यांच्याकडे सरकवला आणि त्यांनी एकदम वळणदार अक्षर काढून सही ठोकली, उपरोक्त विषयांतर्गत लिहितात तशी.

“बाबा,” विनता मराठीत म्हणाली, “मी... मी फेडीन सगळं. तुम्ही फक्त खाली राहा.”

“राहतो,” हेमचंद्रराव म्हणाले. आणखी काही बोलण्यासारखं होतं, पण ते बोलायला त्यांना कुठलीच भाषा पुरली नाही.

सगळे बाहेर आले. बाकावर तुळशीराम लाल फडकं पुन्हा बांधत होते. रामकृष्ण सर आपल्या अकरा पानांची दुसरी प्रत मांडीवर घेऊन होते. गरज पडली तर असावी म्हणून त्यांनी आणली होती. कुणाचीच गरज पडली नव्हती, आणि हे त्यांना सांगायचं कुणी, असा प्रश्न होता. तेवढ्यात चौकसेबाबू दारात येऊन, सवयीनं मान खाली घालून, अर्ज मोठ्यानं तपासायला लागले. “ऋणी, ठीक. सह-ऋणी, ठीक. प्रतिभूति, निरंक. ज़मानतदार, निरंक.”

तुळशीरामांनी इकडेतिकडे पाहिलं. विचारावं असं जवळ एकच माणूस होतं. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, “निरंक म्हणजे काय?”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला चष्मा काढून पुसून झाला. मग रामकृष्ण सर म्हणाले, “शून्य. म्हणजे काही नाही.”

“काहून काही नाही?” तुळशीराम तडकले. “आपण दोघं बसून राहिलो ना इथं!”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बँकेच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि कुणाला दिसू नये अशा बेतानं किल्ली फिरवून काटा चार मिनिटं मागे घेतला.

“सिहोऱ्याच्या बसला अजून वेळ आहे,” सर उठत म्हणाले. “चला, चहा घेऊ.”